साखरेच्या ‘पोल’पासून टॉप क्वार्कपर्यंत

दिवाळी सरत आली की कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या हंगामाला तोंड लागते. कसबा बावड्याच्या वाटेवर उसाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि मळीचा तो ओळखीचा वास शहरापर्यंत येऊन पोहोचतो. आमच्या धर्मग्रामात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. त्यांची उभी हयात जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांची नात बारावी उत्तीर्ण झाली आणि एका रविवारी मिस्सानंतर, चर्चच्या आवारात चार मंडळी बोलत उभी असताना, तिने आपला मनोदय सांगितला. तिला मूलकणांचे भौतिकशास्त्र शिकायचे होते. ‘त्याचा उपयोग काय, बाळ?’ असे कोणीतरी मायेनेच विचारले. मुलगी गप्प राहिली. उत्तर आजोबांनी दिले. ते म्हणाले, ‘मीही जन्मभर ध्रुवीकरणच मोजले. मी उसाच्या रसात मोजले, ती आणखी कशात मोजेल.’

त्या उत्तराने आम्ही विचारात पडलो. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात डॉ. रोहिणी गोडबोले यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या पद्मश्रीचा आणि त्यांनी भूषविलेल्या पदांचा आदराने उल्लेख केला. परंतु त्यांनी नेमके काय शोधले, हे फारच थोड्या ठिकाणी वाचावयास मिळाले. त्यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग आजोबांच्या त्या एका शब्दात, म्हणजे ध्रुवीकरणात, सामावलेला आहे. या शब्दाचा इतिहास आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलामुलींना समजावा, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

रसातील साखर

उसाच्या रसात साखर किती आहे, हे जिभेने ठरवता येत नाही. प्रयोगशाळेत रस गाळून स्वच्छ करतात, २०० मिलिमीटर लांबीच्या काचेच्या नळीत भरतात आणि ती नळी पोलरीमीटर नावाच्या यंत्रात ठेवतात. साधा प्रकाश आपल्या वाटेभोवती सर्व दिशांनी कंप पावत असतो. यंत्रातील विशिष्ट स्फटिक त्यातील एकाच पातळीतील कंपने पुढे जाऊ देतो. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. हा प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला की त्याच्या कंपनाची पातळी उजवीकडे वळते. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची पातळी सुमारे ३४.६ अंशांनी वळते. साखर अधिक असेल तर वळणही अधिक. या मोजणीलाच कारखान्यात ‘पोल’ म्हणतात. ऊस किती गोड हे ठरवण्यात या मोजणीचा वाटा असतो आणि उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. तेव्हा प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने नोंदवहीत आकडा खरा लिहिणे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घामाशी जोडलेली असते.

या विद्येची वाट मोठी आहे. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिन यांना आइसलँडहून आणलेल्या एका पारदर्शक खड्यातून पाहताना एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या. त्याचे मर्म कळण्यास दीडशे वर्षे लागली. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालूस यांनी तसाच खडा डोळ्याशी धरून खिडकीच्या काचेवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश पाहिला. खडा फिरवताच दोन प्रतिमांची तेजस्विता आळीपाळीने कमीजास्त होऊ लागली. प्रकाशाला दिशेचे असे अंग असते, हे त्यांच्या ध्यानी आले. १८१५ मध्ये जाँ बातिस्त बिओ यांनी काही सेंद्रिय द्रव ही पातळी वळवतात, असे दाखवले. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली धरून हाताने वेचले आणि त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगातील स्फटिक दुसऱ्या ढिगातील स्फटिकांचे आरशातील प्रतिबिंब होते. एकाचे द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. निसर्गात डावे आणि उजवे असा भेद आहे, हे अशा रीतीने रसायनशाळेत सिद्ध झाले.

तथापि यात एक गोष्ट गृहीत होती. डावा आणि उजवा असे दोन्ही रेणू असू शकतात आणि दोघांवर चालणारे नियम सारखेच असतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. निसर्गाचा मूळ कायदा स्वतः डावेउजवे करील, असे एकोणिसाव्या शतकात सहसा कोणी मानीत नसे.

आरशाचा नियम मोडला

विसाव्या शतकात ध्रुवीकरण हा शब्द प्रकाशापुरता राहिला नाही. १९२५ मध्ये लायडन येथील उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी असे मांडले की, इलेक्ट्रॉनला स्वतःचे परिवलन असते. शास्त्रज्ञ त्याला स्पिन म्हणतात. आपल्या गल्लीतील पोरे भोवरा फिरवतात, तो आसाभोवती गरगरतो. तसेच काहीसे हे चित्र आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे खरोखर फिरणारी गोटी नव्हे, परंतु त्याला आस असल्यासारखा तो वागतो आणि त्या आसाची दिशा मोजता येते. असंख्य कण एकत्र असता त्यांचे आस वाटेल त्या दिशांना रोखलेले असतील, तर तो समूह अध्रुवित होय. बहुसंख्य आस एकाच बाजूला रोखलेले असतील, तर तो ध्रुवित होय. आस कोणत्या बाजूला आणि किती प्रमाणात झुकले आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे कणांचे ध्रुवीकरण.

कण पुढे जाताना कोणत्या बाजूने फिरतो, यावरून त्याला डावा किंवा उजवा म्हणतात. सुताराकडील नेहमीचा स्क्रू उजवीकडे पिळला की लाकडात पुढे सरकतो, तो उजव्या जातीचा. त्याच्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे चालणारा, तो डाव्या जातीचा.

१९५६ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या त्सुंग दाओ ली आणि चेन निंग यांग या दोन चिनी शास्त्रज्ञांनी एक धीट प्रश्न विचारला. किरणोत्सारी अणू ज्या क्षीण बलामुळे मोडतो, ते बल आरशाचा नियम पाळते काय? याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. ती परीक्षा चिएन शिउंग वू या बाईंनी घेतली. वॉशिंग्टन येथील प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट-६० चे अणू केवलशून्याच्या वर अंशाच्या एक शतांशाइतक्या तापमानापर्यंत थंड केले आणि चुंबकाच्या साहाय्याने त्यांचे आस एका दिशेस वळवले. अणू मोडून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखेच जावयास हवे होते. तसे घडले नाही. आस ज्या बाजूला रोखलेला होता, तिच्या उलट बाजूला अधिक इलेक्ट्रॉन गेले. जानेवारी १९५७ मध्ये हा निकाल जाहीर झाला.

निकाल येण्यापूर्वी वोल्फगांग पाउली या थोर शास्त्रज्ञांनी आपल्या एका मित्राला पत्र लिहून कळवले होते की, परमेश्वर डावखुरा असेल यावर आपला विश्वास बसत नाही. थोड्याच दिवसांत त्यांना आपले मत बदलावे लागले. आपल्यासारख्या श्रद्धावंतांनी या प्रसंगाकडे अवश्य लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. निर्मात्याला काय शोभेल हे आपण आपल्या आवडीवरून आधीच ठरवू नये. त्याने काय निर्माण केले आहे ते नम्रपणे पाहावे. त्या वर्षीचे नोबेल पारितोषिक ली आणि यांग यांना मिळाले. प्रयोग करणाऱ्या वू यांना ते मिळाले नाही, ही खंत विज्ञानाच्या इतिहासात आजही व्यक्त केली जाते.

या कथेत एक भारतीय नावही आहे. केरळात कोट्टयमजवळच्या पळ्ळम या गावी, सीरियन ख्रिस्ती कुटुंबात १९३१ साली जन्मलेले जॉर्ज सुदर्शन हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम करून अमेरिकेत गेले. तेथे गुरू रॉबर्ट मार्शाक यांच्यासमवेत त्यांनी क्षीण बलाचा नियम मांडला. हे बल डाव्या जातीच्या कणांनाच ओळखते, असे त्या नियमाचे सार सांगता येईल. सप्टेंबर १९५७ मध्ये इटलीत पादुआ आणि व्हेनिस येथे भरलेल्या परिषदेत तो सादर झाला. रिचर्ड फाइनमन आणि मरे गेल-मान यांचा त्याच आशयाचा लेख १९५८ मध्ये छापून आला आणि तो अधिक गाजला. पुढे स्वतः फाइनमन यांनी या शोधाचे श्रेय सुदर्शन आणि मार्शाक यांना दिले.

जड क्वार्कची साक्ष

अणूच्या गाभ्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे क्वार्क नावाच्या त्याहून लहान कणांचे बनलेले असतात. क्वार्क सहा प्रकारचे आहेत. त्यांतील तीन जड मानले जातात. चार्म १९७४ मध्ये, बॉटम १९७७ मध्ये आणि टॉप १९९५ मध्ये सापडला. टॉप म्हणजे येथे भोवरा नव्हे. बॉटम म्हणजे खालचा, म्हणून त्याचा जोडीदार टॉप, म्हणजे वरचा, इतकाच या नावाचा अर्थ. शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेतील दोन प्रयोगांनी २ मार्च १९९५ रोजी त्याचा शोध जाहीर केला. त्यांपैकी डी-झीरो या प्रयोगात मुंबईची टाटा संस्था, दिल्ली विद्यापीठ आणि पंजाब विद्यापीठ येथील संशोधक सहभागी होते.

टॉप क्वार्क दोन गोष्टींमुळे सर्वांहून निराळा ठरला. एक म्हणजे त्याचे वस्तुमान. जुन्या विजेच्या दिव्यातील तार ज्या टंगस्टनची असे, त्याच्या एका अख्ख्या अणूइतका हा एकटा कण जड आहे. दुसरी गोष्ट त्याचे आयुष्य. एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील जेमतेम अर्ध्या भागाइतका काळ तो टिकतो. इतर क्वार्क जन्मताच दुसऱ्या क्वार्कच्या गोतावळ्यात बांधले जातात आणि त्या गर्दीत त्यांच्या आसाची बरीचशी माहिती हरवते. टॉपला गोतावळा जमवण्याइतकी सवडच मिळत नाही. तो एकटाच जन्मतो आणि एकटाच मोडतो. मोडताना त्यातून बॉटम क्वार्क आणि डब्ल्यू कण निघतात. डब्ल्यू कणापासून कधी कधी इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊ म्युऑन बाहेर पडतो. हा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन ज्या दिशेने जातो, तीवरून मेलेल्या टॉपचा आस कोणीकडे होता, हे सर्वांत स्पष्टपणे कळते. लेकराच्या चालीवरून आईबापांची ओळख पटावी, तसाच हा प्रकार आहे.

ही ओळख कशासाठी पटवायची? आज मान्य असलेल्या सिद्धांतानुसार, प्रोटॉनांच्या टकरीत टॉप आणि त्याचा प्रतिकण अशी जोडी प्रबळ बलामुळे जन्मते. हे बल डावेउजवे करीत नाही. त्यामुळे अशा टॉपचे ध्रुवीकरण जवळजवळ शून्य असावयास हवे. क्षीण बलामुळे एकटाच जन्मलेला टॉप मात्र मोठ्या प्रमाणात ध्रुवित असावयास हवा. आता समजा, आपल्याला अद्याप ठाऊक नसलेला एखादा जड कण क्षणभर निर्माण होतो आणि त्याच्यापासून टॉपची जोडी जन्मते. तो अनोळखी कण डाव्याला किंवा उजव्याला झुकते माप देत असेल, तर टॉपच्या ध्रुवीकरणाचा आकडा शून्यापासून ढळेल. आईबाप दृष्टीस पडले नाहीत, तरी लेकरावरून त्यांचा माग लागेल. नव्या भौतिकशास्त्राचा वेध ध्रुवीकरणाने घेतात, तो असा.

गोडबोलेबाईंचे काम

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात झाला. हुजूरपागेच्या शाळेत, मग स. प. महाविद्यालयात आणि त्यानंतर मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये त्या शिकल्या. १९७९ मध्ये अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परदेशात राहण्याची वाट मोकळी असता त्या मायदेशी परतल्या. टाटा संस्थेत तीन वर्षे काढून १९८२ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. १९९५ मध्ये, म्हणजे टॉप सापडला त्याच वर्षी, त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत त्या संस्थेशी जोडलेल्या राहिल्या. जर्मन शास्त्रज्ञ मान्युएल ड्रीस यांच्यासमवेत त्यांनी प्रकाशकणांच्या टकरींविषयी केलेले काम दोघांच्या नावाने ओळखले जाते.

टॉपच्या बाबतीत त्यांच्यासमोर एक अडचण होती. ती समजण्यासाठी पुन्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत जावे. पोलरीमीटरमधील आकडा वाढला, तर रसात साखर अधिक आहे असे आपण म्हणतो. परंतु यंत्राची काचच सदोष असेल तर? मग आकडा साखरेमुळे वाढला की काचेमुळे, हे कळणार नाही. टॉपचेही तसेच आहे. नवे भौतिकशास्त्र टॉपच्या जन्मात लुडबूड करील, तसेच ते त्याच्या मरणातही करू शकेल. टॉप मोडण्याची रीतच किंचित बदललेली असेल, तर त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची साक्ष कितपत धरावी?

२००६ मध्ये गोडबोलेबाई, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील सौरभ रिंदानी आणि तरुण संशोधक रितेश सिंग यांनी मिळून या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. या निष्कर्षाच्या काही बाजू रिंदानी यांनी आणि इतरांनी आधी दाखवल्या होत्या. या तिघांनी तो पुष्कळ अधिक व्यापक केला. त्यांचे म्हणणे असे की, टॉप मोडण्याच्या रीतीत लहानसहान बदल झाला, तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलेल, परंतु तो कोणत्या कोनात जातो याचा हिशेब बदलणार नाही. म्हणून ऊर्जेला न विचारता कोनाला विचारावे. कोनाची साक्ष फक्त टॉपच्या जन्माविषयी असते आणि मरणातील गडबडीने ती भ्रष्ट होत नाही. कोणता साक्षीदार फितत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध करून दिले.

याचा उपयोग करण्याची वेळ लवकरच आली. फर्मी प्रयोगशाळेत जन्मणारे टॉप अपेक्षेपेक्षा अधिक संख्येने पुढच्या बाजूला जातात, असे दिसू लागले होते. २०११ च्या सुमारास या विषमतेने सर्वत्र खळबळ उडवली. नव्या कणाची चाहूल लागली, असे अनेकांना वाटले. त्याच काळात गोडबोलेबाई, देबज्योती चौधुरी, रिंदानी आणि प्रतिश्रुती साहा यांनी दाखवून दिले की, निरनिराळे काल्पनिक कण ही विषमता सारख्याच प्रमाणात घडवू शकतील, परंतु टॉपचे ध्रुवीकरण मोजले तर त्यांच्यातील भेद ओळखता येईल. पुढे अधिक मोजणी झाली, सिद्धांताचे गणितही अधिक काटेकोर झाले आणि विषमतेचा तो आकडा नव्या कणावाचूनच जुन्या सिद्धांतात बसला. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील मोठ्या यंत्रावर टॉपच्या जोड्यांचे ध्रुवीकरण मोजले गेले. तेही शून्याशी जुळले. २०२२ मध्ये तेथील ॲटलास प्रयोगाने एकट्या जन्मलेल्या टॉपचे ध्रुवीकरण प्रसिद्ध केले. ते सुमारे ९० टक्के भरले आणि जुन्या सिद्धांताला धरूनच होते.

बॉटम क्वार्कच्या बाबतीत असा निर्वाळा अजून मिळालेला नाही. जपानमधील त्सुकुबा येथील बेल प्रयोगात मुंबईच्या टाटा संस्थेचा सहभाग होता. २००३ मध्ये या प्रयोगाने आणि कॅलिफोर्नियातील बाबर प्रयोगाने बॉटम असलेल्या कणांचे एक विशिष्ट विघटन तपासले. त्यातून निघणारे कण जवळजवळ सर्वच्या सर्व एका प्रकारे ध्रुवित असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्मेच तसे निघाले. त्याचा उलगडा जुन्या सिद्धांताच्या आधारे करण्याचे मार्ग पुढे सुचवले गेले. २०१२ मध्ये बाबर प्रयोगाला बॉटमच्या आणखी एका विघटनात टाऊ नावाचे जड कण अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक आढळले. बेलने २०१७ मध्ये त्या टाऊंचे ध्रुवीकरणही मोजले. ते सिद्धांताशी जुळले, पण मोजणीतील अनिश्चितता मोठी असल्यामुळे वाद मिटला नाही. बेलचा दुसरा अवतार आता त्याच कामाला लागला आहे.

मग हाती काय आले?

वाचक विचारतील की, इतकी वर्षे शोधून नवा कण सापडला नाही, तर हा खटाटोप व्यर्थ गेला नाही काय? चर्चच्या आवारात विचारलेला प्रश्न हाच होता.

आमचे उत्तर असे आहे. ज्या मोजणीने ‘येथे काही नाही’ असे कळते, तीही मोजणीच असते. २०११ मध्ये जगभरच्या विद्वानांना एका आकड्याने मोह घातला होता. हवे तेच पाहण्याची ओढ शास्त्रज्ञालाही असते. अशा वेळी न फितणारा साक्षीदार हाताशी असणे किती मोलाचे! गोडबोलेबाई स्वतः नव्या भौतिकशास्त्राच्या मोठ्या पुरस्कर्त्या होत्या. निसर्गात प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असावा, या कल्पनेवर त्यांनी ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासमवेत २००४ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता. ते जोडीदार आजवर सापडलेले नाहीत. ज्या गोष्टीची आपल्याला आस आहे, तिच्या विरुद्धही निर्भीडपणे साक्ष देईल असे मापन त्यांनी सिद्ध केले, यात त्यांचे मोठेपण आम्हांस दिसते. साखर कमी निघाली तरी नोंदवहीत खराच आकडा लिहावा लागतो, हे आमच्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नाही.

शिवाय अशा कामाची फळे अनपेक्षित ठिकाणी लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲटलास प्रयोगाने जाहीर केले की, टॉप आणि त्याचा प्रतिकण यांचे आस एकमेकांत क्वांटम रीतीने गुंतलेले असतात. एकाची माहिती दुसऱ्यापासून वेगळी काढताच येत नाही. क्वार्कमध्ये असे गुंतणे प्रथमच पाहिले गेले. हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये छापला गेला. दोन्ही आस ओळखले ते टॉपमधून निघालेल्या इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांच्या कोनांवरूनच. गोडबोलेबाईंच्या निधनाला त्यानंतर जेमतेम पाच आठवडे उरले होते.

आता थोडे मुलींविषयी. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे नाव त्यांच्या कन्येचे होते, अशी आख्यायिका आहे. ते नाव घेऊन गोडबोलेबाई आणि राम रामस्वामी यांनी ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा ग्रंथ संपादित केला आणि २००८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने तो प्रसिद्ध केला. भारतातील सुमारे शंभर स्त्री-शास्त्रज्ञांची चरित्रे आणि आत्मकथने त्यात आहेत. विज्ञानात मुली आरंभी पुष्कळ येतात आणि पुढे गळतात. तेव्हा त्यांना नुसते बोलावून भागत नाही, टिकवून धरावे लागते, हे त्या पोटतिडकीने सांगत. त्यासाठी त्या शाळाशाळांतून आणि सभांतून हिंडल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये फ्रान्सने आपला राष्ट्रीय सन्मान दिला.

कोल्हापूरला हे नवे नाही. विष्णू वासुदेव नारळीकर आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर या दोघांचाही जन्म याच नगरातील, हे आपण अभिमानाने सांगतो. आणखीही काही सांगावयास हवे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कृष्णाबाई केळवकर या येथल्या मुलीला वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी थेट डब्लिनला धाडले. परत येऊन त्यांनी कोल्हापूरच्या स्त्रियांची सेवा केली. तेव्हाही कोणीतरी ‘उपयोग काय’ असे विचारलेच असेल. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ येथे उभे आहे. वाट लांबची असली, तरी तिची सुरुवात आता घराजवळून करता येते.

आम्ही कोणाला खोटी आशा दाखवू इच्छित नाही. मूलभूत विज्ञानाची वाट खर्चाची नसली तरी चिकाटीची आहे. पदवीनंतर वर्षानुवर्षे शिकावे लागते, नोकरी उशिरा मिळते, आणि आयुष्यभर शोधलेला कण निसर्गात नसेलच, असेही घडू शकते. आईवडिलांची काळजी खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ती काळजी मुलापेक्षा मुलीच्या बाबतीत अधिक जोराने पुढे येत असेल, तर आपण आपल्या मनाचा आकडा एकदा तपासून पाहावा.

त्या मुलीने यंदा भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. ला प्रवेश घेतला आहे. रविवारी मिस्सानंतर आजोबा आणि नात अजूनही आवारातील झाडाखाली बोलत उभी दिसतात. परवा ती त्यांना विचारीत होती की, पोलरीमीटरमध्ये रस गढूळ असला तर आकडा कसा घ्यायचा. आजोबा म्हणाले, ‘गढूळ रसाचा आकडा घ्यायचाच नसतो. आधी रस गाळायचा, मग नळी भरायची.’